मी फक्त कान सांभाळले

व्हॅसलिनची डबी, झाकण हरवलेली.

रविवारी वॉशिंग मशीन लावायचं नाही, हा बॉबलिंगेनमधल्या त्या इमारतीचा नियम.

कुपवाडचं कबड्डीचं मैदान, संध्याकाळी नुकतंच पाणी मारलेलं.

‘सोड! सोड!’ असं मराठीत ओरडणारा एक जर्मन माणूस. त्याला मराठीतला दुसरा एकही शब्द येत नाही.

मोटारीत पट्टा बांधून बसलेला पुतळा. डोक्यात मेंदूच्या जागी मोजमापाची यंत्रं.

हीटरवर ठेवलेलं दही.

दोन कान.

मित्रांनो, या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. त्यांच्यामधला दुवा मी आहे.

दुकानात माझं नाव ‘हेडगार्ड’ होतं. रग्बी खेळणारे आडदांड लोक डोक्यावर घालतात ती मऊ, फोमची टोपी. घरात माझं नाव टोपरं पडलं आणि तेच टिकलं, कारण मी दिसतोच तसा. तान्ह्या बाळाच्या टोपऱ्यासारखा मी दोन्ही कानांवरून खाली येतो आणि हनुवटीखाली बांधला जातो. माझ्या बाळाचं वजन मात्र एकशे आठ किलो होतं, आणि ते बाळ झोपण्याऐवजी समोरच्या तेरा माणसांच्या भिंतीत डोकं घालत असे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल मी उसासे टाकणार नाही. फोमच्या वड्या कापल्या गेल्या, कापडात शिवल्या गेल्या, मागे नाड्या ओवल्या गेल्या. खोक्यात बसून मी जर्मनीत आलो. दुपारी घरात कोणी नव्हतं, म्हणून पोस्टमनने मला खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ होल्झर, म्हणजे होल्झरबाई, यांच्याकडे ठेवलं. संध्याकाळी त्यांनी खोकं वर आणून दिलं, आणि रविवारी मशीनचा आवाज होतो याची पुन्हा एकदा आठवण करून दिली. माझं स्वागत असं झालं.

खोकं उघडलं स्नेहलताने. मागवलंही तिनेच होतं.

तिचा नवरा यशवंत शेलार हा सांगलीजवळच्या कुपवाडचा. मेकॅनिकल इंजिनिअर, बॉबलिंगेनच्या एका लहानशा फर्ममध्ये नोकरीला. त्याचं काम मोठं विचित्र होतं. मोटारीत माणसासारखा पुतळा बसवायचा, मोटार भिंतीवर आपटायची, आणि पुतळ्याच्या डोक्याला किती हिसका बसला ते पाहायचं. त्यावरून आसनाची उशी जाड करायची की बारीक, पुढे घ्यायची की मागे, ते ठरवायचं. आठवड्याचे पाच दिवस तो पुतळ्याचं डोकं जपायचा. शनिवारी स्वतःचं घेऊन कार्ल्सरूहेला जायचा.

तिथे शहराच्या कडेला, जंगलाला लागून एक मैदान होतं. तेरा जणांचं रग्बी म्हणजे रग्बी लीग. जर्मनीत हा खेळ खेळणारे तेव्हा मूठभर होते आणि बघणारे त्याहून कमी. दोन हजार एक साली कंपनीच्या कामासाठी कार्ल्सरूहेला गेलेला यशवंत त्या मैदानापाशी थांबला. चेंडू घेऊन एक माणूस धावत येतो, समोरचे तीन-चार जण त्याला धरून पाडतात, तो उठतो, पायाने चेंडू मागे सारतो, पुन्हा कोणी धावत येतो. यशवंत बराच वेळ बघत राहिला आणि मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाला इंग्रजीत म्हणाला, “ही तर आमची कबड्डी आहे. फक्त चेंडू उगाच घेतलाय.”

“मलाही तेच वाटलं होतं, दादा,” तो मुलगा त्याचे उच्चार ओळखून चक्क मराठीत म्हणाला.

तो हृषिकेश. तिथल्या विद्यापीठात पीएचडी करणारा, सडसडीत, संघाच्या अगदी कडेला उभा राहून पळायचं काम करणारा. त्याने यशवंतला प्रशिक्षकाकडे नेलं. प्रशिक्षक डीटर क्रोन. पूर्वी पंधरा जणांचं रग्बी खेळलेला, मान खांद्यातच रुतलेली, हसला की सगळं मैदान ऐकेल असा. त्याने यशवंतला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “या, या, गूट.” म्हणजे हो, हो, छान. “याला मधे उभा करा.”

मधे म्हणजे आघाडीत. जिथे सगळ्यात जास्त आदळआपट होते तिथे.

मित्रांनो, यशवंत कुपवाडच्या संघात उजवा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा पकडणं हे त्याचं काम. तो घोटा एकदा हातात आला की सुटत नसे. रग्बीतही सुटला नाही. पण इथेच गोची झाली. कबड्डीत पकडलेल्या गड्याला पंचाची शिटी होईपर्यंत सोडायचं नसतं; सोडलं तर तो मध्यरेषेला हात लावतो आणि तुम्हीच बाद. रग्बी लीगमध्ये मात्र गडी पडला, पंच ‘झालं’ म्हणाला, की ताबडतोब सोडून बाजूला व्हायचं. त्याला उठून चेंडू मागे द्यायचा असतो. यशवंत सोडायचाच नाही. शिटी कुठे झालीय? पंच संतापायचे, दंड म्हणून चेंडू पलीकडच्यांना जायचा, आणि हा घोटा धरून शांतपणे पडलेला.

शेवटी डीटरने हृषिकेशला विचारलं, “याच्या भाषेत याला काय सांगू म्हणजे हा सोडेल?”

त्या दिवसापासून कार्ल्सरूहेच्या त्या मैदानावर ‘सोड! सोड!’ अशी आरोळी घुमू लागली. गंमत म्हणजे मराठीत ओरडलं की यशवंतचे हात आपोआप मोकळे होत. संघातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘त्सांगे’. म्हणजे पक्कड.

“म्हणजे आपली सांडशी,” स्नेहलता म्हणाली. “शोभतं नाव. गरम पातेलं धरलं तरी सोडणार नाहीत.”

मी अजून या गोष्टीत आलो नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या हंगामात तो माझ्यावाचूनच खेळला. हंगामाच्या शेवटी कोणाच्या तरी बुटाने त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटली. कान पेरूएवढा सुजला. घरी आल्यावर स्नेहलताने कान पाहिला, पोळ्या केल्या, वाढल्या, आणि मग म्हणाली, “अहो, एक ठरवू या. डोक्यावर काहीतरी घालाल तर खेळा. नाहीतर त्या सांडशीची मूठ मी मोडते.”

“अगं, पोरं हसतील. आघाडीचे गडी असलं काही घालत नाहीत.”

“हसू देत. लग्नात मुंडावळ्या बांधल्या तेव्हा काय कोणी हसलं नव्हतं?”

या करारातून मी आलो. पहिल्या दिवशी पोरं खरंच हसली. यशवंतने माझ्या नाड्या घट्ट ओढल्या, कानांना व्हॅसलिन फासलं, आणि त्या संध्याकाळी जो जो हसला होता त्याला त्याला सरावात जमिनीवर झोपवलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

पुढचे हंगाम माझ्या वैभवाचे. ते मी लांबवणार नाही. आत्मवृत्तं तिथे उगाच फुगतात. एवढंच सांगतो की राइनच्या पलीकडून, फ्रान्समधून संघ यायचे. तिकडे हा खेळ जुना, माणसं रांगडी. त्यांच्या आघाडीचे गडी आधी यशवंतकडे बघून घ्यायचे आणि मग दुसऱ्या बाजूने धावायचे. सामना संपल्यावर तेच गडी येऊन त्याच्याशी हात मिळवायचे, आणि त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खायचे. डोळ्यांतून पाणी काढत खायचे, पण खायचे. एका फ्रेंच गड्याने तर पुढच्या वर्षी मैदानात उतरण्याआधीच विचारलं, “चटणी आणलीय का?” याला मान म्हणतात. चषक वगैरे नंतर.

दर रविवारी स्नेहलता मला बादलीत बुडवायची. मशीन चालत नाही म्हणून हाताने घासायची आणि पाण्याचा रंग पाहून दर वेळी नव्याने “शी” म्हणायची. मग बाल्कनीच्या दोरीवर माझे दोन्ही कान खाली लोंबत. त्यांची मुलगी उर्जा तेव्हा शाळेत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. ती मला नाक धरून आत आणायची आणि म्हणायची, “बाबा, दास श्टिंक्ट!” घाण वास येतो, असं. येतोच. मला त्याची लाज नाही. तो वास कमावलेला होता.

पण मला एका गोष्टीचा राग यायचा, आणि तो मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

स्नेहलता फोनवर आईला सांगायची, “काही काळजी नाही. डोक्याला टोपरं घालून खेळतात.” डीटर नव्या पोरांना सांगायचा, “त्सांगेकडे बघा. डोकं सुरक्षित, म्हणून बिनधास्त घुसतो.” यशवंत काहीच सांगायचा नाही, फक्त माझ्यावर थाप मारायचा, जणू मी किल्ल्याचा दरवाजा.

मित्रांनो, मी बोटभर जाडीचा फोम आहे. बूट घासला तर कातडं फाटू देत नाही. कान चुरगळू देत नाही. ते माझं काम, आणि ते मी चोख केलं. पण कवटीच्या आत जे आहे ते हिसक्याने हललं तर मी काय करणार? मी बाहेर आहे. मी कधी तसं वचन दिलं नव्हतं. माझ्या नावावर ते वचन माणसांनीच एकमेकांना दिलं होतं.

आणि मग दोन हजार सातचा तो शनिवार.

उपांत्य सामना होता. आपल्याच मैदानावर. यशवंत एका धावत्या गड्याच्या घोट्यावर झेपावला, घोटा हातात आलाही, आणि त्याच वेळी आपल्याच संघातल्या एकाचा गुडघा त्याच्या कानशिलाच्या वर बसला. मुद्दाम नाही. दोघे एकाच माणसाला पाडायला निघाले होते, इतकंच. गुडघा माझ्यावर बसला. माझी एक वडी दबली, लगेच फुगली. माझ्या बाजूने सगळं ठीक होतं. एक टाकासुद्धा उसवला नाही.

यशवंत उठला. डीटरने त्याला बाहेर बोलावून दुसरा गडी आत पाठवला, नेहमी बदलतात तसा. यशवंत बाकावर बसला. पाणी प्यायला. रक्त नाही, जखम नाही. “आलेस क्लार?” सगळं ठीक ना, असं डीटरने विचारलं. यशवंतने मान हलवली. डीटर पुन्हा खेळाकडे वळला.

थोड्या वेळाने आपल्या संघाने ट्राय केला. एका गड्याने रेषेपलीकडे चेंडू टेकवला, सगळे ओरडले. आणि बाकावरचा यशवंत उठला. त्याने मांड्यांवर हात घासले. वाकून मैदानाला हात लावला, तो हात माझ्यावर, म्हणजे आपल्या कपाळावर टेकवला, आणि शांतपणे चालत आत गेला. चौदावा माणूस.

पंचाने शिटी मारली. प्रेक्षक हसले. पलीकडचे हसले. डीटर तर पोट धरून हसला: त्सांगेला एवढा आनंद झाला की तो नाचायला आत गेला!

हृषिकेश मात्र कडेवरून धावत आला. “दादा, काय करताय?”

“काय म्हणजे? आपण गडी मारला ना एक? मी जिवंत झालो.”

“दादा, आपण कुठे आहोत?”

यशवंतने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या खुळ्याकडे बघावं. “मैदानात पाणी कमी मारलंय आज,” तो म्हणाला. “नागेशला सांग. धूळ उडतेय.”

नागेश म्हणजे कुपवाडच्या मैदानाची देखभाल करणारा माणूस. त्या दिवशी कार्ल्सरूहेत सकाळपासून पाऊस होता आणि यशवंत घोट्यापर्यंत चिखलात उभा होता.

ज्यांना कबड्डी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या खेळात बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने पलीकडचा एक गडी बाद केला की तो उठून आत येतो. जिवंत होतो, असं म्हणतात. यशवंत विनोद करत नव्हता. गुडघा बसल्यापासून तो जर्मनीत नव्हताच. आणि हे त्या सबंध मैदानात दोघांनाच कळलं होतं: हृषिकेशला आणि मला.

हृषिकेशने त्याला धरून बाहेर आणलं. तासाभरात यशवंत परत आला, म्हणजे मनाने. आपण काय केलं ते ऐकून तो कसनुसा हसला. बॉबलिंगेनला परत येताना गाडी हृषिकेशने चालवली. “वहिनीला सांगू नकोस,” यशवंत म्हणाला. “उगाच घाबरेल. टोपरं होतं ना डोक्यावर.”

तेच. माझं नाव पुढे करून.

पुढचा आठवडा तो कामावर गेला. दिव्याकडे बघवत नव्हतं म्हणून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून जेवायचा. एकदा कुकरखालचा गॅस बंद करायला उठला आणि ओट्यापाशी जाऊन उभाच राहिला. उर्जाने उठून गॅस बंद केला. डॉक्टरकडे तो गेला नाही. आठवड्याअखेर अंतिम सामना होता, राइनच्या पलीकडच्या त्या जुन्या संघाशी. चटणीवाल्यांशी. डॉक्टर काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं, म्हणूनच गेला नाही.

गुरुवारी संध्याकाळी डीटर घरी आला, हृषिकेशला बरोबर घेऊन. त्याच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीत माझा वारस. नवा कोरा, निळा, माझ्या दुप्पट जाड.

तुम्हाला वाटेल, आता हे जुनं टोपरं रडणार. नाही. मला कोपऱ्यात फेका, मी तक्रार करणार नाही. पण हा जाड्या येऊन तीच थाप मारणार होता, माझ्याहून दुप्पट. त्याचा मला संताप आला.

“बघा फ्राऊ शेलार,” डीटर म्हणाला, “याच्यासाठी खास मागवलं. शनिवारी याला काहीही होणार नाही.”

“का? मागच्या शनिवारी काय झालं?” स्नेहलताने विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

“काही नाही, काही नाही! नुसता टोला. उलट काय धमाल आली!” आणि डीटर खळाळून हसत तो किस्सा सांगू लागला. आपण ट्राय केला, हा बाकावरून उठला, जमिनीला नमस्कार केला, आणि चौदावा म्हणून आत! “तुमच्या नवऱ्याला विनोद करता येतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.”

स्नेहलताचं लाटणं थांबलं.

ती कबड्डीपटूची बायको. लग्नाआधी कुपवाडच्या त्या मैदानाच्या दोरीपाशी उभी राहून तिने सामने पाहिले होते. जमिनीला हात लावून आत कोण जातं आणि केव्हा, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

“हृषिकेश,” ती मराठीत म्हणाली, “हे तेव्हा काय बोलले?”

हृषिकेशने यशवंतकडे पाहिलं. यशवंतने मान हलवली, नको म्हणून.

“त्यांच्याकडे बघू नकोस. मी विचारतेय.”

“म्हणाले, मी जिवंत झालो.” हृषिकेशचा आवाज खाली गेला. “आणि म्हणाले, नागेशला सांग, पाणी कमी मारलंय.”

स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपायला लागली. उर्जाने तवा बाजूला केला.

“टोपरं होतं ना डोक्यावर?” स्नेहलता यशवंतला म्हणाली.

“होतं.”

“मग हे असं कसं झालं? सांगा की. तुमचाच विषय आहे. त्या पुतळ्याला पण मऊ उशी देता ना तुम्ही? मग त्याच्या डोक्यात यंत्रं कशाला बसवता?”

मी खुंटीवरून पाहत होतो. यशवंतला उत्तर येत होतं. रोज कंपनीत तो तेच उत्तर लोकांना समजावून सांगत होता.

“अगं, शनिवारचा एकच सामना आहे.”

“या, गेनाऊ!” अगदी बरोबर, असं डीटर म्हणाला. त्याला शब्द कळले नव्हते, पण ‘शनिवार’ म्हणताना यशवंतचं कॅलेंडरकडे गेलेलं बोट त्याने पाहिलं होतं. “आणि हे दुप्पट जाड आहे!”

स्नेहलताने हात पुसले. खिडकीखालच्या हीटरवर सकाळी विरजलेल्या दह्याचा स्टीलचा डबा होता. तिकडच्या थंडीत दही असंच लागतं. तिने झाकण उघडून सगळ्यांना दाखवलं. दही सुरीने कापावं असं लागलं होतं, वर एक चीर नाही. तिने झाकण घट्ट लावलं, डबा त्या नव्या निळ्या टोपऱ्यात बसवला, हनुवटीची पट्टी आवळली, मागच्या नाड्या ओढून गाठ मारली. अगदी तान्ह्याला बांधावं तसं. आणि मग दोन्ही हातांनी उचलून ते गाठोडं तिने टेबलावर आपटलं.

एकदाच. खाली फ्राऊ होल्झर यांच्या घरी नक्की ऐकू गेलं असेल.

मग नाड्या सोडल्या. डबा बाहेर काढून डीटरपुढे ठेवला. डब्याला पोचा नव्हता. ओरखडा नव्हता. निळ्या टोपऱ्याला काही झालं नव्हतं. तिने झाकण काढलं.

दही फुटलं होतं. गोळे एकीकडे, पिवळं पाणी एकीकडे.

उर्जाने वाकून पाहिलं. “काप्पुट,” ती म्हणाली. मोडलं, असं.

डीटर हसला नाही. तो त्या डब्यात खूप वेळ बघत राहिला, मला वाटलं त्याहून जास्त वेळ. मग म्हणाला, “पण अंतिम सामना आहे. पोरं काय म्हणतील? त्सांगे घाबरला म्हणतील.”

यशवंतने डबा स्वतःकडे ओढला. बोटाने एक गोळा हलवला, आणि तो पुन्हा जुळत नाही हे पाहिलं. तो आयुष्यभर मोटारी आपटत आला होता. त्याला आणखी समजावण्याची गरज नव्हती.

“म्हणू देत,” तो जर्मनमध्ये म्हणाला. “तूच सांग त्यांना. मोठ्याने सांग.”

“तुझ्याशिवाय आपण हरू.”

“हरू.”

डीटर उठायला लागला तेव्हा स्नेहलता म्हणाली, “बसा. दही फुटलंच आहे तर ताक करते. जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही.” आणि डीटर क्रोन, मान खांद्यात रुतलेला तो माणूस, आल्याचं ताक दोन पेले प्यायला आणि त्या संध्याकाळी पुन्हा एकदाही ‘शनिवार’ म्हणाला नाही.

गोष्ट इथे गोड संपली असती. पण शनिवार आला.

यशवंत गेला, साध्या कपड्यांत. मला त्याने सवयीने पिशवीत घातलं होतं. बाकाच्या टोकाला पिशवी उघडी पडली होती, त्यामुळे मी सगळं पाहिलं. आपल्या पोरांनी त्याच्याशी धड हात मिळवला नाही. कोणीतरी पाठीमागून म्हणालं, “बाळाचं टोपरं घरी राहिलं वाटतं.” यशवंत वळलाही नाही.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या टप्प्यात लुकास नावाच्या आपल्या तरण्याबांड गड्याचं डोकं समोरच्याच्या नितंबावर आदळलं. तो उठला आणि चुकीच्या बाजूला चालायला लागला. चार पावलं गेल्यावर त्याला कळलं, मग हसत हसत परत वळला. बदली खेळवायला कोणी उरलं नव्हतं. डीटर ओरडला, “वायटर! वायटर!” चालू ठेवा.

यशवंत रेषा ओलांडून आत गेला. दुसऱ्यांदा चौदावा माणूस. या वेळी शुद्धीवर. त्याने लुकासचं मनगट धरलं आणि त्याला बाहेर आणायला लागला. लुकास हिसके देतोय. पंच शिटी फुंकतोय. आपले गडी शिव्या देतायत. आणि रेषेवरून डीटर, सगळा चेहरा लाल करून, त्याला येणारा मराठीतला एकमेव शब्द ओरडतोय:

“सोड! सोड! सोड!”

यशवंतने सोडलं नाही.

त्याने लुकासला बाकावर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर उभा राहिला. आपण बाराच जण खेळलो आणि हरलो. पलीकडच्या संघाचा तो चटणी मागणारा फ्रेंच गडी चषक बाजूला ठेवून आधी लुकासकडे आला, त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि मग यशवंतच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. फ्रेंचमध्ये. यशवंतला फ्रेंच येत नाही. त्याने मान हलवली आणि चटणीचा डबा पुढे केला.

कित्येक महिने क्लबात त्याच्याशी कोणी नीट बोललं नाही. तो तरीही दर शनिवारी जायचा. खेळायला नाही. पकड शिकवायला, आणि रेषेवर उभं राहायला. डोक्याला टोला बसला की गडी बाहेर. त्या दिवशी पुन्हा आत नाही. हा नियम कोणी केला, असं विचारलं तर तो म्हणायचा, “मी.” कोणाच्या परवानगीने, असं विचारलं तरी म्हणायचा, “मी.”

हळूहळू लोक पुन्हा बोलू लागले. मग माणसं करतात तेच त्यांनी केलं. त्यांनी मला काचेच्या पेटीत घातलं.

क्लबाच्या खोलीत, दाराच्या वर. खाली पितळी पट्टी. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय: ‘या टोपीने आमच्या त्सांगेचं डोकं सांभाळलं.’ उद्घाटनाला केक होता. डीटरने भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हात असते तर मी काच फोडली असती.

यशवंतने पट्टी वाचली. पिशवीतून घोट्याला बांधायची पांढरी चिकटपट्टी काढली, ‘डोकं’ या शब्दावर तिचा तुकडा लावला आणि पेनने लिहिलं: ‘कान’. पुढच्या आठवड्यात कोणीतरी तो तुकडा काढला. यशवंतने नवा लावला. पुन्हा निघाला. पुन्हा लावला. आज दोन हजार नऊ सालीही हे चालू आहे, आणि चिकटपट्टीचं रीळ त्याच्याकडे भरपूर आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी हात जोडून म्हणायचं असतं, मला जपा, मला विसरू नका. मला हात नाहीत, दोन नाड्या आहेत, आणि मला जपू नका. हवं तर विसरा. फुटबॉल खेळताना, सायकलवरून पडताना, झाडावरून उडी चुकताना तुमच्या मित्राचं डोकं आपटलं आणि तो चुकीच्या दिशेने चालायला लागला, तर हसू नका. त्याचं मनगट धरा. तो हिसके देईल. सगळे ओरडतील. हरलात तर हरा. आणि कोणी माझ्याकडे, किंवा माझ्यासारख्या कुठल्याही जाड, मऊ, नव्या, निळ्या वस्तूकडे बोट दाखवून म्हणालं की हे आहे ना, मग काय होतंय, तर त्याला सांगा की मी स्वतः नाही म्हणालो.

डीटर क्रोन आपला शेवटचा हंगाम एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली खेळला. त्यातला एकही सामना त्याला आठवत नाही.